हत्ती, अंबारी आणि प्यादी
(मंडळाच्या तिळगूळ-समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसांपुढे पानिपतावर बोलणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाची ओळख करून देण्यासारखे आहे. १४ जानेवारी १७६१ ही तारीख येथील लहान मुलांसही मुखोद्गत आहे. काला आंबच्या स्मारकावर आपण सर्वजण जाऊन आलो आहोत. म्हणून त्या संग्रामाची साद्यंत हकीकत सांगण्याचा आमचा विचार नाही. आम्ही आज बोलणार आहोत ते एका खेळाविषयी. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी असा पोरकट विषय का घेतला, असे काही ज्येष्ठांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच प्रार्थना आहे. खेळातून निघून आम्ही अखेर आपल्या मंडळापाशीच येणार आहोत.

आपल्या घरांतील काही तरुण मुले हल्ली मेजावर एक युद्ध मांडतात. हिरवे कापड पसरलेले असते, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या असतात आणि बोटभर उंचीच्या सैनिकांच्या रांगा उभ्या असतात. भालाईत असतात, तिरंदाज असतात, घोडेस्वार असतात. आणि मधूनच एखादा पंख असलेला सर्प किंवा वीतभर उंचीचा राक्षसही दिसतो. अंतर मोजण्यासाठी फीत आणि नशिबासाठी फासे. या खेळाची वंशावळ मोठी प्रतिष्ठित आहे. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी अशा युद्धखेळाचे नियम तयार केले. एच. जी. वेल्ससारख्या थोर लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातील शिपायांच्या लढाईवर एक पुस्तकच लिहिले. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत ‘चेनमेल’ या नावाचे नियम छापले गेले. त्यांत मध्ययुगीन सैन्याच्या जोडीला मांत्रिक, राक्षस आणि नायक पटावर आले. १९८३ मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ हा खेळ निघाला आणि ही आवड जगभर पसरली.

या खेळात प्रत्येक तुकडीची गुणांत किंमत ठरलेली असते. दोन्ही पक्षांनी सारख्याच गुणांचे सैन्य घ्यावयाचे असते. कोणी त्या गुणांत शंभर प्यादी घेईल, तर कोणी चाळीस प्यादी, एक राक्षस आणि एक नायक घेईल. नवशिका खेळाडू नेहमी दुसरा मार्ग पत्करतो, कारण राक्षस डोळ्यांत भरतो. परंतु त्याची एक खोड अशी की तो जितका भयंकर तितकाच ठिसूळ असतो. प्याद्यांच्या रांगेतील दहा पडले तर उरलेले लढत राहतात. राक्षसावर तोफेचा एक गोळा नीट बसला की त्याच्यासाठी मोजलेले सगळे गुण एका क्षणात मातीत जातात. नायकाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ‘चेनमेल’च्या नियमांत एक नायक चार माणसांच्या बरोबरीने लढतो आणि महानायक आठांच्या. पुढील खेळांत तर सेनापतीच्या आसपासचे शिपाई स्वतःच्या धैर्यावर न लढता त्याच्या धैर्यावर लढतात. पळावे की थांबावे याचा फासा टाकताना आकडा त्याचा धरावयाचा असतो. तो आहे तोवर भित्रेही शूर असतात. तो पडला की प्रत्येकाला आपापल्या आकड्यावर यावे लागते, आणि मग त्यांचे खरे धैर्य किती ते उघड होते.

हे दोन्ही मोहरे आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. राक्षसाच्या जागी हत्ती म्हणा आणि नायकाच्या जागी अंबारीत बसलेला सरदार म्हणा, की हा सगळा खेळ आपल्या या गावाच्या वेशीबाहेर तीनदा खेळला गेला आहे हे ध्यानात येईल.

रणभूमीकडे वळण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या पटाकडे एकवार पाहू. बुद्धिबळाचे मूळ नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे त्यात होती. सातव्या शतकात बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त या नावाचा उल्लेख येतो. आपल्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही राजाच्या करमणुकींत या खेळाला स्थान आहे. या जुन्या पटावरील हत्ती फार दुबळा होता. इराण आणि अरबस्तानात हा खेळ गेला तेव्हा तेथे हत्तीची चाल तिरपी दोन घरांची, मधले घर ओलांडून जाणारी अशी होती. हिशेब करून पाहिला तर असा हत्ती चौसष्ट घरांपैकी फक्त आठ घरांवर जन्मभर फिरू शकतो. उरलेली छप्पन्न घरे त्याला परकीच. आज त्याच हत्तीचा वंशज आपल्याकडे उंट म्हणून ओळखला जातो. रशियन भाषेत मात्र त्या मोहऱ्याला अजूनही हत्तीच म्हणतात. आपण हत्ती हे नाव कोपऱ्यातल्या रथाच्या जागेवर नेऊन बसविले आणि त्याला सरळ, लांब चाल दिली. जुन्या हत्तीची चाल ज्यांनी ठरविली त्यांनी प्रत्यक्ष युद्धात हत्ती पाहिले असतील काय? आम्हांला तसे मानावेसे वाटते.

हत्तीचा खर्च काय असतो हे बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिशेबी माणसाप्रमाणे नोंदविले आहे. एक हत्ती उंटांच्या दोन माळांइतके धान्य खातो, असे तो सांगतो; आणि ज्या तोफा ओढावयास चारपाचशे माणसे लागतात त्या तीनचार हत्ती ओढतात, हेही मोकळेपणाने मान्य करतो. म्हणजे हत्तीचे गुण त्याला ठाऊक होते. तरीही २१ एप्रिल १५२६ रोजी तो येथे उभा राहिला तो हत्तींवाचून. इब्राहिम लोदीच्या बाजूस एक हजारापर्यंत हत्ती असल्याचा अंदाज त्यानेच दिला आहे. स्वतःपाशी नोकरचाकर धरून बारा हजार माणसे. त्याने सुमारे सातशे गाड्या कातडी दोरांनी एकमेकींस बांधल्या, मधून मधून बंदूकवाल्यांसाठी आडोसे उभारले, आणि शंभर-दोनशे स्वार एकदम बाहेर पडतील अशा वाटा मोकळ्या ठेवल्या. एका बाजूस पानिपत गावाची घरे, दुसऱ्या बाजूस खंदक आणि तोडलेली झाडे. लोदीचे अवाढव्य सैन्य त्या अरुंद तोंडाशी येऊन अडखळले, आणि बाजूंनी वळसा घालून आलेल्या तिरंदाजांनी त्याला आतल्या आत कोंडले. सकाळी सुरू झालेली लढाई दुपारपर्यंत आटोपली. हत्ती पुढे सरकू शकत नव्हते आणि मागे वळले तर आपलीच माणसे चिरडत होते.

दुसरी लढाई ५ नोव्हेंबर १५५६ ची. हेमू हा सामान्य स्थितीतून वर आलेला पुरुष. त्याने महिन्यापूर्वीच दिल्ली घेतली होती. त्याच्या तोफा लढाईआधीच शत्रूच्या आघाडीने काबीज केल्या होत्या, तरीही हत्तींच्या बळावर त्याने मोगलांच्या दोन्ही बगला हटविल्या. तो स्वतः ‘हवाई’ नावाच्या हत्तीवर बसून सर्वांना दिसेल असा लढत होता. एक बाण त्याच्या डोळ्यात घुसला आणि तो अंबारीत कोसळला. हत्ती शाबूत होते, शिपाई हजारोंनी उभे होते, जय जवळजवळ हाती आला होता. पण अंबारीत माणूस दिसेना म्हटल्यावर सैन्य पांगले. आता पलीकडच्या बाजूस पाहा. त्या पक्षाचा नायक म्हणजे अकबर. त्याला नुकते चौदावे वर्ष पूर्ण झाले होते, आणि बैरामखानाने त्याला लढाईपासून काही मैल मागे ठेवले होते. प्रत्यक्ष झुंजीचा भार अलीकुलीखानासारख्या सरदारांनी उचलला. त्यांतला एखादा पडला असता तर दुसरा पुढे झाला असता. मोगलांनी आपला एकमेव मोहरा पटाच्या कडेला ठेवला, आणि हेमूने आपला मोहरा पटाच्या मध्यावर सर्वांत उंच जागी ठेवला.

सेनापती हत्तीवर का बसत, याचे कारण निव्वळ डौल हे नव्हे. बिनतारी यंत्र नव्हते, कर्ण्याचा आवाज गोंगाटात बुडून जाई. अशा वेळी ‘आपण अद्याप लढत आहोत’ हा निरोप पन्नास हजार माणसांना एकाच वेळी देण्याचे साधन म्हणजे उंचावरची अंबारी. परंतु जी उंची आपल्या माणसांना धीर देते तीच उंची शत्रूला नेम देते. शिवाय या निरोपात एक घोटाळा असा की अंबारी रिकामी झाली तर ती का झाली हे सांगण्याची सोय त्यात नाही. २९ मे १६५८ रोजी आग्र्याजवळ सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. तो जिवंत होता, लढण्यासाठीच उतरला होता. सैन्याने पाहिली ती फक्त रिकामी अंबारी, आणि हिंदुस्थानचे तख्त औरंगजेबाकडे गेले.

बंधुभगिनींनो, त्यानंतर बरोबर एकशेतीन वर्षांचे आत हीच गोष्ट आपल्या वाट्यास आली. विश्वासराव त्या वेळी अठरा वर्षांचे होते. पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र, राज्याचे वारस, आणि मोहिमेचे नामधारी प्रमुख. सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी रोहिल्यांची दाणादाण उडविली होती आणि मध्यभागी भाऊसाहेबांच्या हुजुरातीने अफगाणांना मागे रेटले होते. दुपार कलल्यावर विश्वासरावांस गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले, असे बखरी सांगतात. मागच्यांनी अंबारी रिकामी पाहिली. तेथून पुढे जे घडले ते आम्ही वर्णन करीत नाही.

तिकडे अहमदशहा अब्दाली कोठे होता? तो फळीच्या मागे राहून सगळा डाव पाहत होता. पळणाऱ्यांना परत लोटण्यासाठी त्याने माणसे नेमली होती आणि ताज्या दमाची राखीव फौज दुपारपर्यंत हाती ठेवली होती. उंटांवरच्या लहान तोफा, म्हणजे जंबुरके, इकडून तिकडे चटकन नेता येत. आपल्या अवजड तोफा एकदा मांडल्या की मांडल्या. त्याच्या पटावर राक्षस थोडे होते आणि नायक शत्रूच्या नेमापासून दूर होता.

येथे थोडे थांबून एक शंका आपणच उपस्थित केली पाहिजे. एका गोळीने आणि एका रिकाम्या अंबारीने एवढे सैन्य मोडले, असे म्हणणे म्हणजे इतिहासाची कादंबरी करणे नव्हे काय? त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपताचा जो साक्षेपी अभ्यास केला तो वाचणाऱ्याला ही शंका येतेच, आणि यावी. नोव्हेंबरपासून अडीच महिने आपले सैन्य येथे अडकून पडले होते. रसद तोडली गेली होती. ती आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. बळवंतराव मेहेंदळे त्याआधीच पडले होते. छावणीत यात्रेकरू, बायकामुले आणि बुणगे यांची अफाट संख्या होती. जनावरे भुकेने मरत होती, आणि माणसे उपाशी पोटी रणात उतरली होती. ही सगळी कारणे खरी आहेत. किंबहुना आमचे म्हणणे याच कारणांनी पक्के होते. भुकेला, थकलेला शिपाई स्वतःच्या धैर्याचा साठा कधीच संपवून बसलेला असतो. तो उभा असतो तो केवळ समोरच्या अंबारीकडे पाहून. त्या खेळातल्या नियमाप्रमाणे तो दुसऱ्याच्या आकड्यावर लढत असतो. नायक पडल्यामुळे सैन्य दुबळे होत नाही. ते अगोदरच दुबळे झालेले होते, हे नायक पडल्यावर दिसते.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजीमहाराजांस औरंगजेबाने हालहाल करून मारले. राजधानी रायगड गेली, राजारामहाराज दूर जिंजीस गेले. बुद्धिबळाच्या नियमाने डाव तेथे संपावयास हवा होता. प्रत्यक्षात तो पुढे अठरा वर्षे चालला, आणि शेवटी बादशहाच दक्षिणेत मरण पावला. संताजी घोरपडे, धनाजी जाधव, रामचंद्रपंत अमात्य, पुढे महाराणी ताराबाई: एक मागे सरला की दुसरा पुढे. या युद्धात नेम धरावा अशी अंबारीच कोठे नव्हती. प्रत्येक किल्ला आपापल्या धैर्यावर लढत होता.

दुसरे उदाहरण पानिपतानंतरचे आहे. २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पेशवे वारले आणि गादीवर सोळा वर्षांचे माधवराव आले. अवघ्या दहा वर्षांत, १७७१ साली, मराठे पुन्हा दिल्लीत होते. १७७२ मध्ये माधवरावही गेले, पुढील वर्षी नारायणरावांचा खून झाला. त्या वेळी राज्य सांभाळले ते एका नायकाने नव्हे, तर बारभाईंनी. आपल्या भाषेचा अन्याय पाहा. बारभाईंचा कारभार म्हटले की आपण हसतो, तो गोंधळाचा पर्याय समजतो. पण याच बारभाईंच्या व्यवस्थेतून उभ्या राहिलेल्या कारभाराने जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांस तह करावयास लावला. रिकाम्या अंबारीने ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याच पुढच्या पिढीने अंबारीवाचून राज्य चालवून दाखविले. आपण मात्र अंबारीची गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो आणि बारभाईंची गोष्ट हसून सांगतो.

नायकाचा मोह असा सहज सुटत नाही. भाऊसाहेब गेले हे मानण्यास महाराष्ट्र तयार नव्हता, म्हणून त्यांचा तोतया उभा राहिला. त्याच्या मागे फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला तेव्हा पानिपतास पंधरा वर्षे होऊन गेली होती. एक माणूस परत आला की सर्व काही पूर्ववत होईल, या आशेपायी लोकांनी इतकी वर्षे वाट पाहिली.

पानिपताची बातमी दक्षिणेत कळविणारे सांकेतिक पत्र सर्वांस ठाऊक आहे. त्यात थोरांना मोत्यांची उपमा आहे, सरदारांना मोहरांची, आणि सामान्य शिपायांना चिल्लर नाण्यांची. मोती नि मोहरा मोजल्या आहेत, आणि चिल्लर मोजता येत नाही असे म्हटले आहे. हे पत्र आठवले की आमचे मन त्या न मोजलेल्या नाण्यांपाशी थबकते. त्यांतली काही येथेच राहिली असे मानणारे लोक आपल्या शेजारी आहेत. पानिपत, कर्नाल आणि कुरुक्षेत्र या भागांतील रोड समाजातील अनेकजण स्वतःस पानिपतात मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि १४ जानेवारीस काला आंबला मोठ्या संख्येने येतात. दूर बलुचिस्तानात बुग्ती टोळीच्या प्रदेशात मराठा म्हणविणारे लोक आहेत; तेही आपले मूळ पानिपतात धरून नेलेल्या कैद्यांकडे सांगतात. या परंपरांची ऐतिहासिक छाननी विद्वानांनी करावी. आमच्यापुरते एवढेच पुरे की मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि आपण कोण होतो ही आठवण, ती मोडकी का असेना, त्या चिल्लर नाण्यांनी अडीचशे वर्षांहून अधिक काळ जपली.

आता मंडळापाशी येतो. महाराष्ट्राबाहेरचे मराठी मंडळ ही बदलीच्या नोकरीवाल्यांनी चालविलेली संस्था असते. आम्ही स्वतः केंद्र सरकारचे सेवक. कोणत्या गावी किती वर्षे राहावयाचे हे आम्ही ठरवीत नाही. अशा मंडळास नेहमी एक नायक लाभतो. तो वर्गणी गोळा करतो, गणपतीची मूर्ती ठरवितो, पेटीवाल्यास फोन करतो, नाटकाचा पडदा शिवून घेतो, आणि रात्री सतरंज्याही तोच घड्या घालतो. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण एके दिवशी त्याच्या बदलीचा हुकूम येतो. अंबारी रिकामी होते, आणि पुढच्या वर्षी गणपती बसेल की नाही याची चर्चा सुरू होते. अनेक गावी अशी मंडळे केवळ एका बदलीने निमाली, हे फिरतीच्या नोकरीत आम्ही पाहिले आहे. तेथे पैसा होता, माणसे होती, हौसही होती. मात्र सर्वजण दुसऱ्याच्या आकड्यावर लढत होते.

तसेच आपले हत्ती. स्वतःचे सभागृह, मोठ्या नटसंचाचे नाटक, मोठा मेळावा. हे सर्व असावे. डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींवाचून माणसे जमत नाहीत हे आम्हांला कळते. पण हत्ती दोन उंटमाळांचे धान्य खातो. एका भव्य समारंभात वर्षाची वर्गणी संपली, आणि रविवारी सकाळी मुलांना मराठी वाचावयास शिकविणारा छोटा वर्ग त्यापायी बंद पडला, तर गुणांचा हिशेब चुकला असे समजावे. मोठा समारंभ पावसाच्या एका सरीने फसू शकतो. दहा मुलांचा वर्ग दोघे आजारी पडले तरी आठांनिशी चालतो.

म्हणून पुढील पन्नास वर्षांसाठी आम्ही तीन साध्या सूचना करतो. मंडळाचे प्रत्येक काम दोघांच्या हाती असावे. एक जाणता आणि एक शिकणारा. मंडळाची वही, पत्ते, हिशेब, आरत्यांची पुस्तके आणि पडद्याचे माप यांची जागा कोणाच्या घरचे कपाट नव्हे, मंडळाचे कपाट हीच असावी. आणि प्रत्येक समारंभात निदान एक काम असे असावे की जे पंधरा वर्षांखालील मुलाने अथवा मुलीने एकहाती पार पाडावे, मोठ्यांनी त्यात बोट घालू नये. हे बारभाईंचे काम आहे. त्यात थोडा गोंधळ होईल, मोदक थोडे कमी पडतील. पडोत.

आपल्या जुन्या बुद्धिबळात एक सुंदर संकेत होता. वजिराने मात केली तर ती नुसती मात. पण प्याद्याने मात केली तर ती प्यादेमात, आणि ती करणाऱ्याचा मान विशेष. प्यादे एका वेळी एकच घर चालते आणि मागे फिरत नाही. ज्या भूमीवर मोती गळाले तेथे पन्नास वर्षे आपल्यासारख्या प्याद्यांनी मराठी बोलणे, गाणे आणि आरती टिकविली आहे. सुवर्णमहोत्सवाचा सत्कार कोणाचा करावयाचा असेल तर तो त्यांचा व्हावा, एवढीच विनंती आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!